नानांची हरकत

“पहिल्या मजल्यावरील प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे. मोटार थोड्याच वेळात सुरू होईल. आपापल्या बादल्या ताब्यात घ्याव्यात.”

एक दिवसाआड भल्या सकाळी जिन्याखालून हा पुकारा व्हायचा. वरचे प्रवासी म्हणजे आम्ही दोघं, आणि खाली घरमालक नाना. माईक नाही, भोंगा नाही, नुसता घसा. पण तो घसा एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात गाड्या पुकारून तयार झालेला. पहिल्या दिवशी आमचे हे दचकून उठले आणि बॅग शोधायला लागले. मी म्हटलं, झोपा, भुसावळ गाडी नाही, पाणी आलंय.

जळगावात मेहरूणच्या बाजूला ती आमची गल्ली. दोन्हीकडे टुमदार घरं, मधे दोन गाड्या अंग चोरून जातील एवढा रस्ता आणि टोकाला डोळ्यांचा दवाखाना. हा दवाखाना लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्यापायी झाली.

नाना माणसाला नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. माझं माहेर चाळीसगावचं म्हणून मी चाळीसगाव. आमचे हे भुसावळचे म्हणून ते भुसावळ. दूधवाला असोदा, इस्त्रीवाला पारोळा. “चाळीसगाव, आज उशीर? भुसावळ कधीच सुटली,” असं ते भर गल्लीत म्हणायचे, म्हणजे नवरा ऑफिसला गेला. त्यांची एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली. लग्न लागून ती गाडीत बसली, त्या दिवसापासून पोटच्या पोरीचं नावही धुळे झालं. फोन वाजला की म्हणायचे, “धुळ्याचा फोन.” आणि फोनवरही तेच, “बोल धुळे.” ती बिचारी बोलायची.

दुसरी खोड हरकतीची. नानांची प्रत्येक गोष्टीला हरकत असे आणि ती नोंदवून घ्यावी असा त्यांचा आग्रह असे. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की, “माझी हरकत नोंदवा, मी जिना चढून आलोय.” लग्नाच्या पंगतीत जिलबी वरणाच्या आधी आली की, “हरकत नोंदवा.” मी वांग्याच्या भाजीत गूळ घातला आणि वाटी खाली पाठवली, तर वाटी रिकामी परत आली, पण सोबत निरोप, “भाजी खाल्ली. हरकत कायम.” कोणी नोंदवायची, कुठं नोंदवायची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, “नाना, तुमच्या हरकती ठेवायला मला वेगळी खोली भाड्यानं घ्यावी लागेल.” तर म्हणाले, “खोली देतो, पण भाडं लागेल.”

स्वतःची गाडी त्यांनी आयुष्यात घेतली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, “हाताखालून एवढ्या गाड्या गेल्या, एक दारात बांधून काय करू?” पण दारात गाडी नाही असा क्षण नसायचा. दवाखान्यात खेड्यापाड्यातून माणसं यायची. मोतीबिंदूची म्हातारी, तिच्यासोबत मुलगा, सून, सुनेचा भाऊ आणि ‘चला जळगाव पाहून येऊ’ म्हणून निघालेले आणखी चार जण. त्यांचा पिकअप किंवा मोटारसायकली गल्लीत शिरल्या की नाना ओट्यावरून उठलेच. खिशातली शिट्टी काढायची, रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं आणि हात हलवायचा. “येऊ द्या, येऊ द्या, मागं येऊ द्या, डावं मारा, बस.” आणि बस म्हणताना गाडीच्या पत्र्यावर दोन दणके. ही एसटीची सवय. एसटीचा पत्रा ते दणके खातो. आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांनी नवी कोरी कार आणली, तिच्या पाठीवर नानांनी पेढा तोंडात असतानाच दोन दणके दिले. अध्यक्षांच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

गाडी लागली की नानांची भाषा बदलायची. पुकारा शुद्ध, छापील. खेड्याच्या माणसाशी मात्र अहिराणी.

“कोन गावना शेतस भो?”

“एरंडोलकडला शेतस, नाना.”

“बठा. पानी प्या. डोया कोना शे?”

मग ज्याचा डोळा असेल ती म्हातारी पदर सावरत पुढं यायची. ओट्यावर दोन मोठे माठ, एक लाकडी बाक आणि एक बाज. नंबर लागेपर्यंत बठ्ठा, म्हणजे अख्खा, गाव तिथं बसायचा. डबे उघडायचे, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा निघायचा, पाहुण्यांत नानांचंच ताट आधी भरायचं. सावद्याकडचा कोणी परत तपासणीला आला तर केळीची फणी घेऊन यायचा. हिरवी पट्टी डोळ्यावर बांधलेली माणसं ओट्यावर ओळीनं बसलेली आणि नाना त्यांना पाऊसपाणी, सोयरिकी, कोणाची विहीर आटली आणि कोणाची मेहुणी रुसली ते विचारतायत. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. पण नानांना एकटं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

आता माझी बाजू ऐका. मला सकाळी विम्याच्या ऑफिसला जायचं असे. खाली उतरावं तर माझी स्कूटर दोन मोटारसायकली आणि एक पिकअप यांच्या आत जेरबंद. पिकअपवाला दवाखान्यात सासूला औषध घालतोय. मी ओरडायची, “नाना, माझी गाडी काढून द्या.” नाना शांतपणे, “चाळीसगाव गाडी दहा मिनिटं उशिरानं सुटेल. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” ओट्यावरची गर्दी फिदीफिदी हसायची. माझ्या मस्तकात तिडीक जायची. वर साहेबाची बोलणी मी खायची.

म्हणून अध्यक्षांनी गल्लीत गाड्या उभ्या करायला बंदी आणायचं काढलं, तेव्हा अर्जावर पहिली सही मी ठोकली. मला त्याचा आजही पस्तावा नाही. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली लावून माझा नारळी पौर्णिमेचा अख्खा दिवस खाल्लाय. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. नानांनी केली नाही.

त्यामागचं कारण गल्लीला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, कारण जिन्यात सगळं ऐकू येतं. धुळ्याची ताई महिन्या-दोन महिन्यांनी कार घेऊन यायची. ती तिकडं एका शाळेची मुख्याध्यापिका. यायची ती खुर्चीच्या कडेवर बसायची, किल्ली हातातच. चहा गरम असला तर बशीत ओतून प्यायची आणि निघायची. नाना म्हणायचे, “ही विनाथांबा गाडी. जळगावला फक्त पाणी घेते.” दरवेळी तिचं एकच. “नाना, चला माझ्याकडे. इथं एकटे काय करता?” आणि नाना ओट्याकडे बोट दाखवायचे. “एकटा? मोजून दाखव.” मग एका खेपेला ती म्हणाली, “बरं. ज्या दिवशी हा ओटा रिकामा दिसेल, त्या दिवशी तुमची पेटी भरणार. मग तुमची हरकत ऐकणार नाही.” नाना म्हणाले, “मंजूर.” तेव्हा त्यांना काय माहीत की अध्यक्ष अर्ज टाइप करतायत.

धुळ्यात तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. ओटा नाही, गल्ली नाही, दाराला जाळी. नाना एकदा चार दिवस जाऊन आले होते. मला म्हणाले, “चांगलं आहे. फरशी इतकी स्वच्छ की पाय कुठं ठेवावा कळत नाही.” त्यानंतर दोन वेळा त्यांनी पुकारा न करताच मोटार लावली.

महापालिकेची नोटीस लागली. गल्लीत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावाव्यात, कोणाची हरकत असल्यास कळवावी. आयुष्यभर ज्यांनी हरकती हवेत नोंदवल्या, त्यांना पहिल्यांदाच सरकारनं बोलावून विचारलं. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. सुनावणीला अख्ख्या गल्लीतून हरकतदार एकच. बंदी मागणारे आम्ही सातआठ जण दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “तुमची गाडी कोणती?”

“नाही.”

“स्कूटर?”

“नाही.”

“सायकल तरी?”

“चालवता येत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग नाना, तुम्हाला अडचण काय आहे?”

“साहेब, ज्याच्याकडे गाडी आहे तो उठतो आणि माणसाकडे जातो. माझ्याकडे गाडी नाही. माझ्याकडे माणूस गाडीनं येतो. तुम्ही गाडी बंद करताय का माणूस, तेवढं मला सांगा.”

अध्यक्षही चष्मा पुसायला लागले. मी सांगते, नाना तिथंच खाली बसले असते तर निकाल वेगळा लागला असता. साहेब विरघळले होते. पण कंट्रोलरचा जीव. दुसऱ्यानं केलेलं वेळापत्रक दिसलं आणि त्यात खोट काढली नाही, असं कसं होईल?

“आणि दुसरी हरकत,” नाना म्हणाले. “तारीख बदलते रात्री बाराला. म्हणजे रात्री बाराला सगळ्या गल्लीनं उठून गाड्या पलीकडे लावायच्या का? आणि एकतीस तारखेनंतर एक तारीख येते. विषमनंतर पुन्हा विषम. तेव्हा काय? हे वेळापत्रक कोणी बसवलं? माझ्या स्टँडवर असतं तर मी त्याला कँटीनला पाठवलं असतं.”

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनीच बसवलं होतं बहुतेक. पंधरवड्यानं आदेश आला. हरकतदारांनी दाखवलेल्या अडचणींचा विचार करून सदर गल्लीत दोन्ही बाजूंना, सर्व तारखांना, वाहने उभी करण्यास मनाई. आधी निम्मी बंदी होती, नानांच्या हरकतीनं ती पुरी झाली. मनाईच्या पाटीचा खांब रोवायला माणसं आली, त्यांनी तो नेमका नानांच्या फाटकासमोर रोवला. नाना म्हणाले, “जरा सरळ रोवा.” आणि आत गेले.

पहिल्या दिवशी पहिली उचलली गेली ती अध्यक्षांची कार. त्यांचं म्हणणं, मी अर्जदार आहे. उचलणाऱ्यांनी विचारलं, मग काय करू, आरती करू?

माझी स्कूटर आता आवारातून अशी सुळकन निघायची की विचारू नका. गल्ली मोकळी, स्वच्छ. खेड्याच्या गाड्या हमरस्त्यापलीकडच्या मैदानात लागायला लागल्या. माणसं तिथून थेट दवाखान्याच्या पुढच्या दारानं आत जायची, आमची गल्ली मागं पडली. आठवडाभर मी खुशीत होते. मग एक दिवस ऑफिसला निघताना पाहिलं, माठ भरलेले, बाकावर कोणी नाही आणि नाना बाजेवर ताट मांडीवर घेऊन एकटेच जेवतायत. मी म्हटलं, “नाना, निघाले.” ते म्हणाले, “हं.” चाळीसगाव गाडी सुटली असं म्हणाले नाहीत. मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना. ऑफिसात मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. धुळ्याला बातमी पोचली होती. “तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी येते. पेटी भरून ठेवा.” नानांनी “बोल धुळे” म्हणून फोन घेतला होता, तो तसाच ठेवून दिला.

गाड्या उचलणारा टेम्पो रोज दुपारी यायचा. त्याच्यावर भोंगा, आणि गाडी उचलण्याआधी तिचा नंबर पुकारायचा असा नियम. पुकारणारा मुकादम जामनेरचा, तोंडात कायम सुपारी, आणि उन्हानं घसा बसलेला. “येम्मेच वन्नाईन, खरखर, खरखर, काढून घ्या.” दोन दिवस नानांनी ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावरून उतरून टेम्पोपाशी गेले.

“जामनेर, हा काय पुकारा झाला?”

“नाना, नंबर सांगतोय ना.”

“स्वतःच्या गाडीचा नंबर कोणाला पाठ असतो? आण इकडे.”

आणि माईक हातात घेतला. त्या दिवशी गल्लीनं जो पुकारा ऐकला, तो मी, सुट्टी होती म्हणून, वरच्या गच्चीवरून ऐकला आणि माझ्या हातातली चादर खाली पडली. “लक्ष द्या. दवाखान्यात आलेल्या प्रवाशांनी लक्ष द्या. एरंडोलकडून आलेली काळी मोटारसायकल, हँडलला भोपळा बांधलेला, गल्लीत चुकीच्या फलाटावर उभी आहे. चालकानं ती पलीकडच्या मैदानात लावावी आणि येताना नानांच्या ओट्यावर पाणी पिऊन जावे. पाण्याची सोय मोफत आहे.” भोपळ्याचा मालक धावत आला, गाडी काढली, मैदानात लावली आणि खरंच पाणी प्यायला परत आला.

मग रोजचंच झालं. टेम्पो आला की माईक नानांकडे. गाडी एकही उचलली जायची नाही, कारण भोंग्यातून गावाचं नाव ऐकलं की खेड्याचा माणूस बसल्या जागी राहत नाही. जामनेर मुकादमालाही बरं, घशाला आराम. टेम्पोवाले सगळे चहाला ओट्यावर. चहा होईपर्यंत टेम्पो कुठं उभा? त्या मनाईच्या खांबाखाली. मी एकदा अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, “तक्रार कोणाकडे करू, टेम्पो त्यांचाच.”

ओटा पुन्हा भरायला लागला होता, पण पहिल्यासारखा नाही. पायी येणाऱ्याला निमित्त लागतं. दुपारी टेम्पोच्या वेळेला चारपाच माणसं, बाकी वेळ सामसूम. ताई तर दुपारी बाराला येऊन साडेबाराला निघणारी. तिला काय दिसणार? नाना मला म्हणाले, “चाळीसगाव, धुळे गाडी चुकीच्या वेळेला येते.” मी म्हटलं, “नाना, मग तुम्ही फोन करून वेळ बदलून घ्या.” ते म्हणाले, “विनाथांब्याची वेळ बदलता येत नाही.”

बुधवारी मी पाण्याच्या टाकीपाशी गेले तर कोपऱ्यात मोठं पातेलं, त्यात गहू भिजत घातलेले. मे महिन्यात आमच्याकडे ज्या घरात बाई आहे त्या घरात कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी शिजवून गच्चीवर कुरडया घालायच्या. अक्का गेल्यापासून ह्या घरात कुरडई झाली नव्हती. मी विचारलं, “नाना, हे काय?” तर म्हणाले, “गहू आहेत.” ते मलाही दिसत होतं.

शनिवारी ताई आली. कार फाटकासमोर, खांबाच्या बरोबर खाली लावली. मी गच्चीवरून सांगणार होते, इतक्यात नाना म्हणाले, “राहू दे, सावली आहे.” सावली खांबाची, चार बोटं. ताई आत गेली, पेटी ओढली, कपड्यांच्या घड्या घालायला लागली. नानांनी कूलर लावला. एरवी बिल येतं म्हणून तो एकवर चालायचा. आज तीनवर लावला. जळगावचा जुना कूलर तीनवर लावला की शेजारच्या खोलीत लग्न लागलं तरी कळायचं नाही. मग नाना ओट्यावर येऊन बसले.

टेम्पो आला, तोही वेळेच्या आधी. जामनेर उतरला, धुळ्याच्या पासिंगची कार पाहिली आणि सवयीनं माईक नानांपुढं धरला.

नानांनी हात मागं घेतला. “तूच कर.”

“नाना, ही तर ताईंची…”

“नियम आहे ना? पुकार.”

जामनेरनं आपल्या बसक्या घशानं खरखर केली. ती ओट्यापर्यंतही नीट पोचली नाही. मग गाडी न उचलता त्यानं चाकाला पिवळा जॅमर लावला, कुलूप घातलं आणि चहा न घेता टेम्पो निघून गेला. मी वरून सगळं पाहत होते. नानांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं भोपळेवाल्याचीसुद्धा गाडी वाचवली, त्यानं पोटच्या पोरीची गाडी डोळ्यांदेखत अडकू दिली. मी मुकाट्यानं वाळत घातलेले टॉवेल काढले आणि आत गेले.

पुढं जे झालं ते जिन्यात ऐकलं. ताई भडकली. जावयाला फोन, ह्याला फोन, त्याला फोन. जामनेरला फोन लावला तर तो म्हणाला, किल्ली ऑफिसात आणि ऑफिस सोमवारी. नाना म्हणाले, “एसटीनं जा. मी बसवून देतो.” ताई म्हणाली, “गाडी सोडून?” मग नानांचा आवाज, “गहू भिजवलेत. आज वाटले नाहीत तर आंबतील. तुझी माय असती तर…” किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. त्या घरात ती पहिल्यांदाच खाली ठेवली गेली.

रविवारी सकाळी उजाडता उजाडता गच्चीवर ताईनं पदर खोचला. मी सोऱ्या घेऊन गेले. वाफाळता चीक नानांनी वाटीत घेतला, तेल-मीठ घातलं, चाखला आणि म्हणाले, “मीठ कमी. हरकत नोंदवा.” ताई हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते, दात नानांसारखेच. दहाच्या सुमाराला एरंडोलकडची एक सून सासूचा डोळा दाखवून ओट्यावर पाण्याला आली, गच्चीवर कुरडया चालल्यात असं कळल्यावर सासूला बाजेवर टेकवून वर आली आणि सरळ सोऱ्या दाबायला बसली. तिच्या मागून सावद्याची एक. दुपारी टेम्पोवाले आले, भर उन्हात. नानांनी माईकवरून पुकारा केला, आणि मैदानाकडून माणसं पायी येताना ताई गच्चीच्या कठड्याला टेकून पाहत राहिली. बराच वेळ पाहत होती. खाली आली तेव्हा तिनं भरलेली पेटी पलंगाखाली सरकवली, एवढं मी पाहिलं.

सोमवारी जॅमर निघाला. ताई एकटीच निघाली. म्हणाली, “नाना, कुरडया अजून ओल्या आहेत. वाळल्या की न्यायला येते, पुढच्या रविवारी.” नाना रस्त्यात उभे राहिले. “येऊ द्या, येऊ द्या, उजवं मारा, जाऊ द्या.” पत्र्यावर दणके मात्र दिले नाहीत, नुसता हात ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात एका दुधाच्या गाडीला जॅमर बसला, तेव्हा जामनेरनं खिशातून किल्ली काढून जागेवर उघडला. मी नानांकडे पाहिलं. नाना सुपारी कातरत होते. मनाईवरची हरकत त्यांनी मनातल्या मनात मागं घेतली होती. खांबाला वळसा घालून जाताना ते त्याला हात लावून जायचे.

त्या सोमवारचंच एक सांगायचं राहिलं. ताईची कार गल्लीतून वळली, तसे नाना जिना चढून गच्चीवर आले. कुरडयांपायी मी त्या दिवशी ऑफिसला रजा टाकली होती, मी तिथंच केस विंचरत उभी होते. ऊन असं की चप्पल चिकटावी. जळगावच्या मे महिन्यात कुरडई दोन दिवसांत कडकडीत होते, तिसरा दिवस लागत नाही. नानांनी कुरडयांचं कापड चारी कोपऱ्यांनी धरलं, सगळ्या कुरडया अलगद उचलल्या आणि जिन्याच्या खोलीत, सावलीला नेऊन पसरल्या.

मी म्हटलं, “नाना, सावलीत रविवारपर्यंतसुद्धा वाळायच्या नाहीत.”

“वाळतील,” नाना खाली बसून एकेक सारखी करत म्हणाले. “काय घाई शे?”